नदी निवळली, पण गाळ कोठे गेला?

एका नदीवर धरण बांधले आणि त्यामुळे तिच्यात मासे वाढले, असे कोणी सांगितले तर तुम्ही विश्वास ठेवाल का? धरणामुळे माशांच्या वाटा बंद होतात, असे आपण शिकत आलो आहोत. आणि बहुतेक ठिकाणी ते खरेही आहे. परंतु आइसलँडच्या पूर्व भागात अशी एक नदी आहे, की जिच्या मुख्य प्रवाहाचा धरणापूर्वी सॅमन माशाला फारसा उपयोग नव्हता, आणि धरणानंतर मात्र तेथे गळाने सॅमन पकडण्यासाठी परदेशांतून लोक पैसे मोजून येऊ लागले.

या नदीकडे बोट दाखवून 'पाहा, माणसाने निसर्ग सुधारला!' असे म्हणता येईल. 'निसर्ग बिघडवला आणि वर माशांचा मुलामा दिला' असेही म्हणता येईल. मला ही दोन्ही विधाने घाईची वाटतात. माझे मत आधीच सांगून टाकतो. वर्षाला किती मासे पकडले गेले, या एका आकड्यावरून नदीचा विकास झाला की नाही हे ठरवू नये. नदीतून जे काढले ते कोठे गेले, आणि नदीत जे आणून सोडले ते स्वतःच्या बळावर तेथे टिकते का, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. असे का, ते आता क्रमाने पाहू.

राखाडी पाण्याची नदी

या नदीचे नाव योकुल्सा आ दाल. तेथील लोक तिला लाडाने 'योक्ला' म्हणतात. 'योकुल' म्हणजे हिमनदी. येथे हिमनदी म्हणजे पाण्याची नदी समजू नका. उतारावरून अतिशय संथ गतीने सरकणारा बर्फाचा जाड थर म्हणजे हिमनदी. आइसलँडमधील वात्नायोकुल हा बर्फाचा विस्तार इतका मोठा आहे, की त्याने आपल्या पुणे जिल्ह्याचा जवळजवळ निम्मा भाग झाकला जाईल. त्याच्या उत्तरेकडील वितळणाऱ्या कडेपासून योक्ला निघते आणि सुमारे १५० किलोमीटर वाहत जाऊन समुद्राला मिळते.

बर्फाचे हे ओझे सरकताना खालचा खडक घासला जातो. जात्यात धान्य भरडावे तसा खडक भरडला जातो आणि त्याचे पीठ होते. त्यातील काही कण वाळूएवढे असतात, तर काही एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे सूक्ष्म. हे खडकाचे पीठ वितळलेल्या पाण्याबरोबर नदीत येते. योक्ला ही आइसलँडमधील सर्वांत गढूळ नदी म्हणून प्रसिद्ध होती. उन्हाळ्यात तिचे पाणी राखाडी-तपकिरी आणि दाट दिसे.

अशा पाण्यात मासा का वाढत नाही? मासा काही गढूळ पाण्याने लगेच गुदमरून मरत नाही. अडचण अन्नसाखळीच्या मुळाशी असते. समजा, गढूळ पाण्याचा प्रत्येक १० सेंटिमीटर जाडीचा थर त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी निम्मा प्रकाश अडवतो. मग २० सेंटिमीटर खोलीवर चतुर्थांश प्रकाश उरेल, ३० सेंटिमीटरवर अष्टमांश, आणि एक मीटर खोलीवर केवळ १०२४ वा भाग. म्हणजे तळाशी जवळजवळ अंधारच. प्रकाश नाही म्हणून दगडांवर शेवाळ नाही. शेवाळ नाही म्हणून त्यावर जगणाऱ्या कीटकांच्या अळ्या नाहीत. आणि अळ्या नाहीत म्हणून सॅमनच्या पिल्लांना अन्न नाही.

दुसरी अडचण अंड्यांची. सॅमनची मादी शरद ऋतूत नदीच्या तळाच्या खडीत शेपटीने खळगा करते, त्यात अंडी घालते आणि ती खडीने झाकते. हिवाळाभर अंडी खडीखाली असतात. खडीच्या फटींतून पाणी वाहत राहिले तरच त्यांना ऑक्सिजन मिळतो. या फटी बारीक गाळाने बुजल्या, की अंडी गुदमरतात. तिसरी अडचण थंडीची. नुकतेच वितळलेले पाणी शून्य अंशाच्या जवळपास असते आणि अशा पाण्यात पिल्लांची वाढ फारच मंद होते. म्हणून पूर्वी थोडेबहुत मासे असत ते योक्लाला मिळणाऱ्या स्वच्छ पाण्याच्या लहान उपनद्यांत.

पाणी वळले

२००३ साली या नदीवर काराह्न्युकार येथे धरणाचे काम सुरू झाले. मुख्य धरणाची उंची १९८ मीटर आहे. आपल्या कोयना धरणाची उंची १०३ मीटर, यावरून तुम्हांला कल्पना येईल. २००६ च्या सप्टेंबरात पाणी अडवण्यास प्रारंभ झाला आणि सुमारे ५७ चौरस किलोमीटरचा जलाशय तयार झाला. त्याचे नाव हाल्सलोन.

कोयनेची गोष्ट तुम्हांला ठाऊक आहेच. कोयना ही कृष्णेची उपनदी. तिचे पाणी खरे तर पूर्वेकडे जावयाचे. ते सह्याद्रीतून खोदलेल्या बोगद्यांतून पश्चिमेला वळवून खाली कोकणात सोडतात, त्या उताराचा उपयोग करून वीज निर्माण करतात आणि वीजगृहातून बाहेर पडणारे अवजल वाशिष्ठी नदीत जाते. आइसलँडमध्ये असेच केले आहे. योक्लाचे पाणी सुमारे ४० किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून शेजारच्या खोऱ्यात नेले आहे. तेथे ते जवळजवळ ६०० मीटर खाली येऊन जनित्रे फिरवते आणि मग लागरफ्ल्योत नावाच्या लांबट सरोवरात जाते.

वीज किती? एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान १,००० किलोग्रॅम. ते ६०० मीटर खाली आले, तर सुमारे ५९ लाख जूल ऊर्जा मिळते. दर सेकंदास १४४ घनमीटर पाणी सोडले, तर जवळजवळ ८५० मेगॅवॉट होतात. बोगद्यातील घर्षण आणि यंत्रांतील घट वजा जाता वीजगृहाची प्रत्यक्ष क्षमता ६९० मेगॅवॉट आहे. ही वीज समुद्रकाठच्या ॲल्युमिनियमच्या कारखान्याला जाते. तिच्यासाठी कोळसा जाळावा लागत नाही, हेही हिशेबात जमेच्या बाजूला लिहिले पाहिजे.

धरणाखालच्या योक्लामध्ये आता हिमनदीचे पाणी वर्षाचा बहुतेक काळ येत नाही. उपनद्यांचे, झऱ्यांचे आणि पावसाचे पाणी तेवढे वाहते. प्रवाह लहान झाला, पण निवळ झाला. पाणी थोडे आणि ऊन तेवढेच, म्हणून ते उन्हाळ्यात पूर्वीपेक्षा अधिक तापते. प्रकाश तळापर्यंत पोहोचला, दगडांवर शेवाळ धरण्याजोगी स्थिती आली. माशाला नको असलेल्या तिन्ही गोष्टी एकदम सौम्य झाल्या.

मासे आणले कसे?

येथे एक खुलासा केला पाहिजे. मुंबईच्या बाजारात रावस या माशाला इंग्रजीत 'इंडियन सॅमन' म्हणतात. पण रावसाचा खऱ्या सॅमनशी काही संबंध नाही. खरा अटलांटिक सॅमन नदीत जन्मतो. आइसलँडमध्ये त्याची पिल्ले दोन ते पाच वर्षे नदीत वाढतात. मग त्यांचा रंग चंदेरी होतो, शरीर खाऱ्या पाण्यासाठी सिद्ध होते आणि ती समुद्राकडे निघतात. या अवस्थेला स्मोल्ट म्हणतात. समुद्रात एक ते तीन वर्षे भरपूर खाऊन मोठा झालेला मासा अंडी घालण्यासाठी पुन्हा जन्माच्या नदीत परत येतो.

त्याला आपली नदी कशी ओळखता येते? वासाने. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात आर्थर हॅसलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या सुमारास सुरू केलेल्या प्रयोगांतून हे स्पष्ट होत गेले. प्रत्येक नदीच्या पाण्याला तिच्या खोऱ्यातील माती आणि वनस्पती यांचा विशिष्ट वास असतो, आणि स्मोल्ट होताना पिल्लू तो पक्का लक्षात ठेवते.

मत्स्यपालकांनी याच गुणाचा उपयोग केला. मत्स्यबीज केंद्रात वाढवलेले स्मोल्ट नदीकाठच्या तळ्यांत काही काळ ठेवतात, नदीचेच पाणी त्यांतून खेळवतात आणि मग त्यांना समुद्राकडे जाऊ देतात. यांतून थोडेच परततात, पण परततात ते याच नदीत. योक्लामध्ये आणि तिच्या उपनद्यांत याच रीतीने मासे सोडण्यात आले. एके ठिकाणी खडकांच्या अडथळ्यामुळे मासे वर जाऊ शकत नव्हते, तेथे त्यांना वाट करून देण्यात आली. आज तेथे चांगल्या हंगामात काही शे सॅमन गळाला लागतात.

यात स्थानिक लोकांचाही लाभ आहे. आइसलँडमध्ये नदीतील मासेमारीचा हक्क काठच्या जमीनमालकांचा असतो. शेतकऱ्यांना कायद्याने एकत्र येऊन संघ करावा लागतो आणि तो संघ नदी भाड्याने देतो. एका वेळी किती गळ टाकावेत, यावर मर्यादा असते. मेंढ्या पाळून राहणाऱ्या विरळ वस्तीच्या खोऱ्यात हे उत्पन्न लहान नसते. नदी बदललीच आहे, तर तिचा सदुपयोग करावा, हे त्यांचे म्हणणे मला पटते.

गाळाचा हिशेब

पण आता पहिला प्रश्न विचारू. वस्तुमान नाहीसे होत नाही, हे तुम्ही आठवीपासून शिकत आला आहात. हिमनदी आजही तेवढाच खडक भरडते आहे. मग तो गाळ कोठे गेला?

याचे उत्तर जॉर्ज स्टोक्स यांच्या १८५१ मधील नियमात मिळते. लहान कण स्थिर पाण्यात ज्या वेगाने खाली बसतो, तो वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. पाणी ५ अंश सेल्सिअसचे आणि १०० मीटर खोल आहे, असे धरून गणित करू. एक दशांश मिलिमीटरचा वाळूचा कण तळाशी जाण्यास पाच तासांहून थोडा कमी वेळ घेईल. एक शतांश मिलिमीटरचा कण सुमारे २० दिवस घेईल. आणि दोन सहस्रांश मिलिमीटरचा कण? त्याला सुमारे ४९० दिवस लागतील! हे झाले अगदी शांत पाण्यातले. प्रत्यक्षात वारा, लाटा आणि प्रवाह पाणी ढवळत असतात, त्यामुळे याहूनही अधिक वेळ लागतो.

म्हणजे हाल्सलोन जलाशय ही एक चाळण आहे. जाड कण तेथेच तळाशी बसतात. ते त्या जलाशयात साठत जाणार. सूक्ष्म कणांना मात्र बसायला उसंतच मिळत नाही. ते पाण्याबरोबर बोगद्यात शिरतात, जनित्रांतून जातात आणि लागरफ्ल्योत सरोवरात पोहोचतात. हे सरोवरही ११० मीटरांहून अधिक खोल आहे, पण वरील गणित पाहता तेथेही हे पीठ लवकर बसणार नाही, हे उघड आहे.

आणि झालेही तसेच. लागरफ्ल्योतमध्ये पूर्वीपासूनच थोडे हिमनदीचे पाणी येत असे, त्यामुळे ते आरशासारखे स्वच्छ कधीच नव्हते. परंतु योक्लाचे पाणी आल्यावर ते अधिक गढूळ झाले. प्रकाश पूर्वीइतका खोल जाईना, अन्न घटले, आणि ट्राउट व चार या माशांवर त्याचा परिणाम झाला. २०१३ मध्ये या गोष्टीची आइसलँडच्या वृत्तपत्रांत मोठी चर्चा झाली. एका नदीत प्रकाश वाढला आणि शेजारच्या सरोवरात तो कमी झाला. केवळ योक्लाचे निवळ पाणी दाखवून विकासाचे गुणगान करणे म्हणजे वहीचे डावे पान दाखवून उजवे पान झाकून ठेवणे होय.

आणखी एक गोष्ट आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस, बहुधा ऑगस्टमध्ये किंवा सप्टेंबरात, हाल्सलोन तुडुंब भरतो आणि सांडव्यावरून पाणी योक्लात कोसळू लागते. त्या दिवशी नदी पुन्हा राखाडी होते आणि गळ गुंडाळावे लागतात. वसंतात याउलट स्थिती असते. जलाशयाची पातळी खूप खाली गेलेली असते आणि उघड्या पडलेल्या काठांवरचा सुका गाळ वाऱ्याबरोबर उडतो. योक्लाला 'एकेकाळची हिमनदीची नदी' म्हणतात खरे, पण हिमनदीने तिला पुरते सोडलेले नाही.

माशांचा हिशेब

आता दुसरा प्रश्न. हे मासे तेथे टिकतील का? दरवर्षी टँकरने स्मोल्ट आणावयाचे आणि परत आलेले पकडावयाचे, ही एक प्रकारची शेती आहे. शेती करण्यात काही गैर नाही. आइसलँडच्या दक्षिणेस रांगा नावाच्या दोन नद्या आहेत. त्यांच्या तळाशी ज्वालामुखीची वाळू असल्याने सॅमनला अंडी घालण्यास त्या फारशा योग्य नाहीत, म्हणून तेथील मासेमारी मुख्यतः सोडलेल्या स्मोल्टवर चालते, आणि ती भरभराटीला आली आहे. पण शेतीला शेती म्हणावे. नदी सजीव झाली, असे म्हणावयाचे तर तेथेच अंड्यांतून निघालेले, तेथेच वाढलेले मासे किती, हे मोजले पाहिजे.

निसर्ग हेच काम कसे करतो, ते अलास्कात दिसते. तेथील ग्लेशियर बे या उपसागरात हिमनद्या मागे हटत गेल्या आहेत. वुल्फ पॉइंट क्रीक हा ओढा १९४० च्या दशकात बर्फाखालून मोकळा होऊ लागला. त्याच्या वरच्या अंगाला एक सरोवर तयार झाले आणि गाळ त्यात बसू लागला. म्हणजे धरणाचे काम सरोवराने केले. आधी शेवाळ आले, मग कीटक आले, काठावर झुडपे आली. सॅमनपैकी काही थोडे मासे जन्माची नदी चुकतात आणि भलत्याच प्रवाहात शिरतात. अशा वाट चुकलेल्या गुलाबी सॅमननी १९८० च्या दशकाच्या अखेरीस या ओढ्यात वस्ती केली आणि पुढे त्यांची संख्या हजारोंवर गेली. कोणी एकही मासा आणून सोडला नव्हता. मात्र यास जवळजवळ चाळीस वर्षे लागली. माणसाला इतका धीर नसतो, म्हणून तो टँकर आणतो.

घाईने मासे सोडल्याने काय होऊ शकते, याचे उदाहरण आपल्या देशातच आहे. पुण्याच्या मुळा-मुठेतील माशावरून १८३९ मध्ये ज्याचे शास्त्रीय वर्णन झाले, तो निळ्या परांचा महाशीर लोणावळ्याच्या केंद्रात यशस्वी रीतीने वाढवण्यात आला. नद्यांतील महाशीर कमी होत होते, म्हणून हे काम मोलाचेच होते. पुढे त्याची बोटुकली दूर कावेरी नदीतही सोडण्यात आली. तेथे तो फोफावला. गळाने मासे धरणाऱ्यांना भरपूर महाशीर मिळू लागले, आणि सर्वांना वाटले की नदी सुधारली. पण कावेरीचा स्वतःचा कुबडा महाशीर, जो पन्नास किलोहून अधिक वजनाचा होतो, तो दिसेनासा होत चालला होता. २०१५ मध्ये संशोधकांनी मासेमारीच्या जुन्या नोंदी तपासून हे दाखवून दिले. २०१८ मध्ये त्याची शास्त्रीय ओळख निश्चित झाली, आणि तो अत्यंत संकटग्रस्त जातींच्या यादीत गेला. धरणे, वाळूउपसा, सुरुंगाने मासेमारी ही कारणेही आहेतच. पण बाहेरून आणलेला पाहुणा हे त्यांतील एक मोठे कारण मानले जाते. 'महाशीर किती मिळाले' एवढेच मोजत बसल्यामुळे 'कोणते महाशीर' हे विचारायचे राहून गेले.

माझे मत

योक्लामधील सॅमनचे मी स्वागत करतो. बांधलेले धरण कोणी उद्या पाडणार नाही. मग निवळलेल्या नदीत जीवन यावे आणि काठच्या शेतकऱ्याला चार पैसे मिळावेत, हे चांगलेच. माझा आग्रह इतकाच, की हे मासे धरणाच्या प्रमाणपत्रावर शिक्का म्हणून वापरू नयेत. धरण योग्य होते की अयोग्य, हे ठरवताना वीज, ॲल्युमिनियम, योक्लाचे निवळ पाणी, लागरफ्ल्योतचे गढूळ पाणी, बुडालेले खोरे आणि उडणारी धूळ या सर्वांची बेरीज-वजाबाकी एकाच पानावर झाली पाहिजे. आणि स्मोल्ट सोडणे हळूहळू कमी करत न्यावे. ज्या वर्षी टँकर आला नाही, त्या वर्षीच्या पिल्लांची गणती हीच नदीची खरी परीक्षा ठरावी.

शिक्षकांना एक विनंती आहे. काचेच्या तीन उंच बरण्यांत पाणी घेऊन त्यांत अनुक्रमे वाळू, शेतातील माती आणि बारीक कुटलेल्या विटेची वस्त्रगाळ पूड घालावी, सर्व ढवळून ठेवावे आणि पाणी निवळण्यास लागणारा वेळ मुलांकडून नोंदवून घ्यावा. वस्त्रगाळ पुडीची बरणी दुसऱ्या दिवशीही गढूळ दिसण्याचा संभव आहे. ती पाहताना मुलांना स्टोक्सचा नियम कळेलच, शिवाय लागरफ्ल्योतही कळेल.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्या गावाजवळ एखादे धरण, बंधारा किंवा कालवा असेलच. तेथे जाऊन वडीलधाऱ्या माणसांना विचारा: पूर्वी येथे कोणते मासे मिळत? आता कोणते मिळतात? ते येथेच वाढतात, की कोणी आणून सोडतो? पाणी वळवले ते कोठे गेले, आणि तेथील नदीचे काय झाले? उत्तरे वहीत तारीख घालून लिहून ठेवा. अशा नोंदी होत्या, म्हणूनच कावेरीत काय घडले ते कळू शकले.